आरोग्य, स्वास्थ्य आणि त्यांची मोजमापे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये किंवा गृहनिर्माण संस्थांच्या सभागृहांत आरोग्यावर व्याख्यान झाले की चहाच्या वेळी चिठ्ठ्या येऊ लागतात आणि पुढचे काही दिवस फोनवर रिपोर्टची छायाचित्रे येत राहतात. त्यांतून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ दिसतो, तो म्हणजे एका कामासाठी तयार केलेला आकडा दुसऱ्याच कामाला लावण्याचा. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे याचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

१. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे मी निरोगी आहे असे समजायचे का?

जे तपासले तेवढ्यापुरते तसे समजायला हरकत नाही. मात्र झोप लागते का, जिना चढताना गुडघा धरतो का, संध्याकाळी बोलायला घरात कोणी असते का, यांतले काहीही रक्ताच्या नळीत उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे स्वीकारली गेली आणि ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. ७ एप्रिलचा जागतिक आरोग्य दिन त्यावरूनच पाळला जातो. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या संपूर्ण सुस्थिती होय, अशी व्याख्या त्या घटनेच्या प्रास्ताविकात आहे.

या व्याख्येतील ‘संपूर्ण’ या अटीवर पुष्कळ टीका झाली, कारण ती काटेकोरपणे लावली तर चष्मा लावणारा आणि रक्तदाबाची एक गोळी घेणारा सत्तरीतला धडधाकट माणूसही आरोग्यवान ठरत नाही. नेदरलँड्समधील डॉ. माख्तेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वेगळी मांडणी केली. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अडचणींशी जुळवून घेण्याची आणि आपले आपण सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या मते सरकारकडे हक्क मागताना पहिली व्याख्या कामाची आहे आणि घरात रोजचे दिवस काढताना दुसरी. दुसरीचा गैरवापरही सोपा आहे, हे विसरू नये: ज्याला उपचारांची गरज आहे त्यालाच ‘जुळवून घ्या’ असे सांगितले जाऊ शकते.

२. सुश्रुतसंहितेत आरोग्याची हीच व्याख्या आधीच दिलेली आहे, असा मेसेज फिरतो. ते खरे आहे का?

साम्य खरे आहे, एकरूपता नाही. दोष, अग्नी, धातू आणि मल यांच्या क्रिया सम असणे आणि आत्मा, इंद्रिये व मन प्रसन्न असणे म्हणजे स्वस्थ असणे, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. शरीराबरोबर मनाचाही विचार दोन्हीकडे आहे. सामाजिक सुस्थितीचा उल्लेख मात्र त्या श्लोकात नाही. त्याहून महत्त्वाचा फरक तुलनेच्या पद्धतीत आहे. वैद्य तुमची तुलना मुख्यतः तुमच्याच प्रकृतीशी करतात, तर प्रयोगशाळा ती इतर हजारो लोकांशी करते. त्यामुळे ‘अग्नी मंद आहे’ या निदानाचे रूपांतर एखाद्या तपासणीच्या आकड्यात होत नाही आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा आकडा दोषांच्या भाषेत नेमका सांगता येत नाही.

उपचार कोणत्या पद्धतीने घ्यावेत हा या पानाचा विषय नाही. मात्र वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे काहीही जाणवू न देता डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय यांची हानी करतात. म्हणून पद्धत कोणतीही असो, हे दोन आकडे मोजत राहावेच लागतात.

३. मला वीस वर्षे मधुमेह आहे, पण मी मजेत आहे, रोज तळजाईवर चालायला जातो. मी आजारी की निरोगी?

उत्तर कोण विचारतो यावर अवलंबून आहे. डॉक्टरांच्या नोंदीत रोग आहे, तुमच्या अनुभवात आजारपण नाही आणि विमा कंपनीच्या किंवा कार्यालयाच्या दृष्टीने तुमची तिसरीच एक स्थिती आहे. ही तीन उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी एकाच वेळी खरी असू शकतात. गॅरी अल्ब्रेक्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यम ते तीव्र अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपल्या जगण्याची प्रत चांगली किंवा उत्तम असल्याचे सांगितले होते, तर बाहेरून पाहणाऱ्यांना त्याच लोकांचे आयुष्य कष्टप्रद वाटत होते.

एक अपवाद मात्र काटेकोरपणे पाळावा. आरोग्य विम्याचा अर्ज भरताना कसे वाटते हे विचारलेले नसते, निदान विचारलेले असते. तेथे मधुमेह लिहिलाच पाहिजे, नाहीतर पुढे दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो.

४. रिपोर्टमध्ये तीन आकड्यांपुढे ‘एच’ आणि ‘एल’ अशी अक्षरे ठळक छापली आहेत. घाबरायचे का?

रिपोर्टच्या उजवीकडे ‘बायोलॉजिकल रेफरन्स इंटरव्हल’ अशा मथळ्याखाली छापलेल्या मर्यादा बहुतेक चाचण्यांच्या बाबतीत एकाच रीतीने ठरतात. निरोगी समजल्या गेलेल्या अनेक लोकांची चाचणी करतात, आलेले आकडे चढत्या क्रमाने मांडतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना ‘नॉर्मल’ म्हणतात. याचा अर्थ निरोगी लोकांपैकी ५ टक्के प्रत्येक चाचणीत त्या मर्यादेबाहेर पडणार, हे पद्धतीतच ठरलेले आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्णपणे निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. प्रत्यक्षात अनेक चाचण्या परस्परांशी निगडित असल्याने ती थोडी कमी भरते, पण ‘मोठे पॅकेज’ घेतलेल्या प्रत्येकाच्या हातात एखादे ठळक अक्षर का येते, हे यावरून कळेल.

याची उलट बाजूही आहे. गेल्या वर्षी ०.७ असलेले क्रिएटिनिन यंदा १.१ झाले, तर दोन्ही आकडे छापील मर्यादेत असू शकतात आणि पुढे कोणतेही अक्षर येणार नाही, तरीही तो बदल डॉक्टरांना दाखवण्याजोगा आहे. म्हणून जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नयेत. साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा मात्र या रीतीने ठरत नाहीत. त्यासाठी प्रश्न ६ पाहावा.

५. दवाखान्यात रक्तदाब १५० आणि घरी १३०. खरा कोणता धरायचा?

दोन्ही खरे असू शकतात, कारण रक्तदाब दिवसभर बदलत असतो आणि दवाखान्यात अनेकांचा तो तात्पुरता वाढतो. आधी मोजण्याची रीत तपासावी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी आणि तंबाखू नको. पाठीला टेकू देऊन, पाय जमिनीवर ठेवून आणि ते एकमेकांवर न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा शर्टाच्या बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधावा, हात छातीच्या पातळीवर टेबलावर टेकलेला असावा आणि मोजताना बोलू नये. नंबर लागला म्हणून घाईने आत जाऊन, स्वेटरच्या बाहीवरून आणि डॉक्टरांशी बोलता बोलता घेतलेला आकडा यांतल्या जवळजवळ प्रत्येक अटीत नापास होतो. घरी काही दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून ती वही डॉक्टरांना दाखवणे सर्वांत उपयोगी पडते. याचा उलटा प्रकारही आढळतो: काहींचा रक्तदाब दवाखान्यात ठीक असतो आणि घरी किंवा कामावर चढलेला असतो.

६. पूर्वी उपाशीपोटी साखर १४० पर्यंत चालायची, आता १२६ ला मधुमेह म्हणतात. हा औषध कंपन्यांचा डाव आहे का?

ही मर्यादा अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९७ मध्ये १४० वरून १२६ मिलिग्रॅमवर आणली. डोळ्याच्या पडद्यावरील मधुमेही विकृती साखरेच्या कोणत्या पातळीपासून वाढू लागतात, हे पाहून ती रेघ ओढली गेली. म्हणजे येथे ‘इतरांपेक्षा वेगळा’ हा निकष नसून ‘पुढे इजा होण्याची शक्यता’ हा निकष आहे. इजेची शक्यता हळूहळू वाढत जाते. १२५ आणि १२७ यांच्यामध्ये शरीरात कोणतीही भिंत नसते. रेघ कुठे ओढायची हे माणसांच्या समित्या ठरवतात आणि ती खाली सरकली की एका रात्रीत लाखो लोक रुग्ण ठरतात. त्यामुळे समितीतील सदस्यांचे हितसंबंध कोणाशी आहेत, हे विचारणे अगदी रास्त आहे. त्यावरून रेघच खोटी असे म्हणणे मात्र रास्त नाही.

रक्तदाबाच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची मर्यादा १३०/८० केली, तर आपल्याकडे निदानासाठी साधारणपणे १४०/९० हीच मर्यादा धरली जाते. १३४/८२ रक्तदाब असलेले पुण्यातील आजोबा न्यू जर्सीला मुलाकडे गेले की विमानातून उतरताच उच्च रक्तदाबाचे रुग्ण होतात.

७. माझे वजन उंचीच्या प्रमाणात आहे, तरी डॉक्टर ‘चरबी जास्त आहे’ म्हणतात. हे कसे शक्य आहे?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यातच सापडला आहे, म्हणून तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, मिळतो. १६५ सेंटिमीटर उंची आणि ६४ किलो वजन असेल तर तो सुमारे २३.५ येतो. हे सूत्र अ‍ॅडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ‘सरासरी माणसा’चा अभ्यास करताना मांडले. एकेका रुग्णाची चरबी ओळखणे हा त्याचा हेतूच नव्हता. त्याला बीएमआय हे आजचे नाव १९७२ मध्ये अन्सेल कीज यांच्या लेखातून मिळाले. हे सूत्र स्नायू आणि चरबी यांत भेद करत नाही आणि चरबी कुठे साठली आहे हेही सांगत नाही.

पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. एवढ्या फरकावरून आपली बाळे सर्वच बाबतींत रोडावलेली असतील असे वाटते. पण त्वचेखालच्या चरबीची घडी चिमट्याने मोजल्यावर दिसले की कमतरता स्नायूंमध्ये आणि पोटातील अवयवांमध्ये अधिक होती, चरबी मात्र बऱ्याच प्रमाणात टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, असे हे भारतीय शरीर अनेकदा जन्मापासूनच असते.

पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. आकडा तोच, आतला माणूस वेगळा, हे दाखवायला दोन शास्त्रज्ञांनी स्वतःचीच शरीरे पुढे करावीत, हे आम्हांला फार आवडते.

या सर्वांमुळे भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता धरण्याची पद्धत रूढ झाली आहे. जागतिक पातळीवर हेच आकडे २५ आणि ३० आहेत. शिवाय कमरेचा घेर पाहतात: पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. हा घेर पँटच्या पट्ट्यापाशी मोजू नये, कारण पोट सुटलेल्यांचा पट्टा खाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर टेप लावावी. व्यायामाने स्नायू कमावलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना बीएमआय तसाच्या तसा लावता येत नाही.

८. घरच्या यंत्रावर साखर ठीक येते, पण एचबीए१सी जास्त येते. यंत्र बिघडले आहे का?

तसे असेलच असे नाही. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांच्यातील हिमोग्लोबिनवर साखर चिकटत जाते. एचबीए१सी त्यावरून साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. यंत्रावर तुम्ही फक्त सकाळी उपाशीपोटीच मोजत असाल, तर जेवणानंतरची वाढ तुमच्या वहीत येतच नाही. दुसरे कारण अनेकांना ठाऊक नसते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल, तर साखर न वाढताही ही चाचणी जास्त येऊ शकते. उलट नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल किंवा रक्तपेशी लवकर फुटण्याचा विकार असेल, तर ती फसवी कमी येते. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की एचबीए१सी वाचताना शेजारचा हिमोग्लोबिनचा आकडा पाहण्याची सवयच लावून घ्यावी.

९. रोज १०,००० पावले चाललेच पाहिजे का?

नाही. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ६० वर्षांवरील व्यक्तींचा लाभ साधारण ६,००० ते ८,००० पावलांच्या आसपास स्थिरावतो, असे दिसले. घड्याळाला पर्वतीच्या पायऱ्या आणि सपाट रस्ता यांतला फरक फारसा कळत नाही, तुमच्या छातीला कळतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मिनिटांत आहे: प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे.

१०. दर वर्षी ‘फुल बॉडी चेकअप’ करावे का? काही नसेल तर बरेच की.

काही नसेल तर बरे, पण काहीतरी निघाले तर ते प्रत्येक वेळी कामाचेच असते असे नाही. ठळक अक्षरांचा प्रकार प्रश्न ४ मध्ये आला आहे. येथे त्याहून गंभीर गोष्ट सांगायची आहे. दक्षिण कोरियात तपासणी मोहिमांबरोबर थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ होते तिथेच राहिले. याचा अर्थ असा की ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता त्या शोधून हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभराची गोळी लागली.

वय, घराण्यातील आजार आणि व्यसने पाहून डॉक्टरांनी निवडलेल्या मोजक्या तपासण्या, म्हणजे रक्तदाब, साखर, कमरेचा घेर, स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या कर्करोगाची तपासणी, तंबाखू खाणाऱ्यांसाठी तोंडाची तपासणी, या नव्वद चाचण्यांच्या सवलतीच्या पॅकेजपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

११. मनाचे आरोग्य मोजता येते का? प्रश्नावली भरून काय कळणार?

थोडेफार कळते, पण विचारले तेवढेच. डब्ल्यूएचओ-५ या प्रश्नावलीत पाच विधाने आहेत: गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी होतो, शांत होतो, उत्साही होतो, झोपेतून ताजातवाना उठलो आणि माझा दिवस मला रस वाटेल अशा गोष्टींनी भरलेला होता. प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे, बेरजेला ४ ने गुणायचे आणि १०० पैकी गुण काढायचे. ५० किंवा त्याहून कमी गुण आले तर नैराश्याची पुढील तपासणी करावी, असे साधारणपणे सुचवले जाते. हे निदान नव्हे. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्याचे ‘ताजातवाना उठलो’ या विधानाचे गुण कमी येणारच. थायरॉइडची कमतरता आणि रक्तक्षय हेही गुण खाली ओढतात.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी नैराश्याची लक्षणे विचारते आणि २७ पैकी गुण देते. तिचा एक अपवाद सर्वांनी लक्षात ठेवावा. स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याच दिवशी त्या व्यक्तीशी बोलावे आणि मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

१२. आईला कधीही विचारा, ती ‘बरी आहे’ म्हणते. बाबा मात्र सारखे तक्रार करतात. कोणावर विश्वास ठेवायचा?

शब्दांवर कमी आणि हालचालींवर अधिक. याविषयी अमर्त्य सेन यांनी वारंवार दिलेले एक उदाहरण आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात पाहणी झाली. तीत ४८.५ टक्के विधुरांनी आपली प्रकृती वाईट किंवा यथातथाच असल्याचे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण फक्त २.५ टक्के होते. त्या काळी विधवांना काय वाट्याला येत होते हे पाहता त्या अधिक सुदृढ होत्या असे कोणी म्हणणार नाही. आपल्या प्रकृतीचा प्रश्न विचारला जाऊ शकतो, हेच त्यांच्या जगण्यात बसत नव्हते.

सेन यांनी २००२ मध्ये राज्यांची तुलनाही मांडली. आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळातील लोक आजारपणाच्या तक्रारीही सर्वाधिक करत होते, बिहारमधील लोक फार कमी. आणि अमेरिकेतील लोकांच्या तक्रारी केरळपेक्षाही जास्त होत्या. दवाखाना जवळ असला आणि शिक्षण असले की दुखणे ओळखता येते आणि त्याला नाव देता येते. म्हणून केवळ तोंडी उत्तरांवर उभ्या असलेल्या सर्वेक्षणांतून कोणता जिल्हा निरोगी, हे ठरवणे धोक्याचे असते.

घरात याचा उपयोग असा होतो. ‘कशी आहेस?’ याऐवजी ‘काल भाजी आणायला कोण गेले?’, ‘रात्री किती वेळा उठलीस?’, ‘भिशीला गेली नाहीस का?’ असे विचारावे. भिशी बंद होणे हे कित्येकदा रिपोर्टच्या आधी येणारे लक्षण असते. बाबांच्या तक्रारी मात्र नेहमीच्याच म्हणून सोडून देऊ नयेत. त्यांचा सूर, जागा किंवा वेळ बदलली की दाखवून यावे.

१३. भारताचे सरासरी आयुर्मान ७० आहे आणि माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. म्हणजे दोनच वर्षे उरली?

मुळीच नाही. २०१६ ते २० या काळासाठीचा ७० हा आकडा जन्मवेळचा आहे. त्यात तान्हेपणी, बालपणी आणि तरुणपणी झालेले सर्व मृत्यू मिसळलेले आहेत आणि ते वडिलांनी केव्हाच मागे टाकले आहेत. भारतात साठी गाठलेल्या व्यक्तीपुढे सरासरी आणखी सुमारे १८ वर्षे असतात. याच कारणाने, स्वातंत्र्याच्या सुमारास आयुर्मान ३२ च्या आसपास होते म्हणजे तेव्हा लोक बत्तिशीत म्हातारे होत, असा अर्थ काढू नये. तेव्हा बालमृत्यू प्रचंड होते.

आयुर्मान वर्षे मोजते, ती कशी गेली हे मोजत नाही. त्यासाठी १९९० च्या दशकात ‘डॅली’ हे माप पुढे आले. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणात काढलेल्या वर्षांचा भारित हिशेब यांची त्यात बेरीज करतात. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचे एक गमावलेले वर्ष. अंधत्वाला किती भार आणि कंबरदुखीला किती, हे लोकांना विचारूनच ठरवतात, त्यामुळे प्रश्न ३ मधील अडचण येथेही उरते. हे माप देशाचे अंदाजपत्रक आखण्यासाठी आहे. वडिलांच्या वहीत त्याला जागा नाही.

१४. आनंदाच्या यादीत भारत ११८ वा, इतका मागे का? आपण एवढे दुःखी आहोत का?

हा क्रमांक २०२५ च्या जागतिक आनंद अहवालातील आहे. २०२४ मध्ये तो १२६ होता. पाहणीत ‘तुम्ही आनंदी आहात का’ असे विचारतच नाहीत. ० ते १० पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात, वरची पायरी म्हणजे तुमच्या कल्पनेतील सर्वांत चांगले आयुष्य आणि खालची म्हणजे सर्वांत वाईट, आणि आज आपण कोठे उभे आहात ते विचारतात. ही शिडी हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडली. क्रमांक तीन वर्षांच्या सरासरीवर ठरतो. उत्पन्न, आधार, भ्रष्टाचार वगैरे सहा घटक हे आलेल्या गुणांचे स्पष्टीकरण म्हणून वापरले जातात. गुण त्यांच्या बेरजेतून काढलेले नसतात, हे वर्तमानपत्रांतील बातम्यांत बहुतेक वेळा उलटे छापले जाते.

मुलांची परिस्थिती आपल्यापेक्षा बरी व्हावी म्हणून झटणारा माणूस स्वतःला शिडीवर खाली ठेवतो, यात दुःखाइतकीच आकांक्षाही असू शकते. भूतानने याहून वेगळी वाट धरली. तेथील सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकात नऊ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक असून त्यांत वेळेचा वापर, संस्कृती आणि परिसर यांचाही समावेश आहे.

१५. एका अ‍ॅपवर पुण्याची हवा ‘समाधानकारक’ आणि दुसऱ्यावर लाल, तेही एकाच सकाळी. खरे कोणाचे?

हवा एकच, पट्ट्या दोन. समजा हवेत पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम आहेत. भारतीय निर्देशांकात ते सुमारे ९२ भरतात आणि ‘समाधानकारक’ गटात बसतात. अमेरिकी निर्देशांकात तेच कण १५० च्या घरात जातात. चोवीस तासांसाठी भारताची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १५ ची आहे. म्हणून रंग न पाहता मायक्रोग्रॅमचा आकडा पाहावा. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही यंत्रणा भारतीय पट्टी वापरते.

पाण्यातला धोका कोणत्या आकड्यात दिसतो, हा प्रश्नही जोडून विचारला जातो, त्याचे थोडक्यात उत्तर. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे माप मांडताना माणशी रोजचे २,२५० उष्मांक हा आधार घेतला होता. ताटात किती पडले हे त्यातून कळते; दूषित पाण्यामुळे त्यातले अंगी किती लागले, हे कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पिण्याच्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष गेले. त्या घरांतील कोणाच्याही जुन्या चेकअपमध्ये हा धोका दिसला नसता.

१६. गुडघ्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे डॉक्टर म्हणतात, पण बाबा ‘पूर्वीसारखे नाही’ म्हणतात. कोणाचे खरे?

डॉक्टर एक्स-रे, सांध्याची रेषा आणि गुडघा किती अंशांत वाकतो हे पाहतात. तुम्ही आधार न घेता ते चालतात का, हे पाहता. बाबा देवासमोर मांडी घालून बसता येत नाही, हे पाहतात. रुग्णाचे मत मोजण्यासाठी प्रश्नावल्याही आहेत; १९९८ मध्ये आलेल्या ऑक्सफर्ड गुडघा गुणांकनात बारा प्रश्न आणि ४८ गुण आहेत. त्यात जिना, बाजारहाट आणि गुडघे टेकून उठणे आहे, पण मांडी नाही, कारण ज्या समाजात ती तयार झाली तेथे जमिनीवर जेवायला बसण्याचा प्रश्न नव्हता. त्यामुळे ४८ पैकी ४२ गुण मिळवूनही बाबांची तक्रार खरी असू शकते.

दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर त्याआधी बाबांना पुन्हा करायच्या असलेल्या तीन गोष्टी त्यांच्याच हातांनी कागदावर लिहून घ्याव्यात आणि त्यांतील कोणती शक्य आहे, कोणती नाही, हे शल्यचिकित्सकांना सरळ विचारावे. मांडी आणि उकिडवे बसणे टाळण्याचा सल्ला बहुतेकदा मिळतो. तो शस्त्रक्रियेनंतर कळण्यापेक्षा आधी कळला, तर देवघरासमोर योग्य उंचीचा चौरंग किंवा खुर्ची वेळेत आणून ठेवता येते.